आलेखावर धाकट्याचं नाव

एका वाचकाचं पत्र (थोडं आटोपशीर करून) :

बाई, नमस्कार. मी 48 वर्षांचा, नाशिकला असतो, एका खासगी कंपनीत अकाउंट्स बघतो. धाकटा भाऊ निफाड तालुक्यात गावी आमची द्राक्षबाग सांभाळतो. वडील त्याच्याकडेच असतात. तो बारावीच्या पुढे शिकला नाही, पण ज्यावर त्याचं ठाम मत नाही असा विषय जगात नाही. दोन महिन्यांपासून त्याने वडिलांची ब्लडप्रेशरची गोळी दिवसाआड केली आहे आणि रोज काढा सुरू केला आहे. मी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर समजावलं, तर म्हणाला, "डॉक्टरांना धंदा करायचा असतो." माझी सटकली. मी डनिंग-क्रूगरचा तो प्रसिद्ध आलेख टाकला, ज्याला कमी कळतं त्याचाच आत्मविश्वास जास्त असं दाखवणारा, आणि 'मूर्खपणाच्या डोंगरा'वर त्याचं नाव लिहिलं. पाठोपाठ 'इडिओक्रसी' या इंग्रजी विनोदी सिनेमाचा तुकडा टाकला आणि लिहिलं, "अडाण्यांनाच पोरं जास्त, म्हणून पुढे असंच होणार." त्याला तीन मुलं आहेत, मला एक. तो ग्रुप सोडून गेला. शेतीतही तो माझं ऐकत नाही. गेल्या वर्षी म्हटलं, अर्ली छाटणी कर, माल जानेवारीत निघाला तर भाव चांगला मिळेल. तर हसला. दिवाळीनंतर वडिलांची पंच्याहत्तरी आहे. बाई, मूर्खाला तो मूर्ख आहे हे पटवायचं कसं? आणि समाजाची अक्कल खरंच कमी होत चालली आहे का?

नमस्कार.

आधी वडिलांची गोळी, बाकीचं सगळं नंतर. हे वाचून झाल्यावर पहिलं काम म्हणजे त्यांच्या डॉक्टरांना फोन करा आणि दोन महिने गोळी दिवसाआड चालली आहे हे स्पष्ट सांगा. रक्तदाब वाढलेला असला तरी बहुतेकांना काही जाणवत नाही, म्हणून "बाबांना काही त्रास नाही" याला काही अर्थ नसतो. पण गोळी पूर्ववत कशी करायची हेही डॉक्टरांनाच ठरवू द्या; आपल्या मनाने बंद करणं जसं चूक, तसं मनाने वाढवणंही चूक. आणि काढ्यात काय काय आहे ते विचारून घ्या. त्यात ज्येष्ठमध असेल तर ते मुद्दाम सांगा. ज्येष्ठमध रोज बऱ्यापैकी पोटात गेलं तर रक्तदाब वाढतो. घशासाठी चघळायचं साधं औषध म्हणून आपण त्याच्याकडे बघतो, त्यामुळे ते डॉक्टरांना सांगावं हे कुणाच्या मनातच येत नाही.

गोळीच्या बाबतीत तुमचं बरोबर आहे आणि भावाचं चूक आहे. यात मी जराही मधलं बोलणार नाही. पण तुम्ही हे ज्या पद्धतीने हाताळलंत ते वाचून मला वाईट वाटलं. ज्या संशोधनाचा तुम्ही दगड केलात, ते मला नीट ठाऊक आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

1995 साली अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये एका माणसाने भरदिवसा दोन बँका लुटल्या, चेहरा न झाकता. पकडल्यावर तो चक्रावून गेला, कारण त्याने चेहऱ्याला लिंबाचा रस लावला होता. लिंबाच्या रसाने लिहिलेली अक्षरं दिसत नाहीत, तसा आपला चेहराही कॅमेऱ्याला दिसणार नाही अशी त्याची पक्की समजूत होती. कॉर्नेल विद्यापीठातल्या जस्टिन क्रूगर आणि डेव्हिड डनिंग या मानसशास्त्रज्ञांनी 1999 साली आपला निबंध याच हकिगतीने सुरू केला. विद्यार्थ्यांना त्यांनी विनोदाची पारख, तर्क आणि इंग्रजी व्याकरण यांच्या चाचण्या दिल्या आणि विचारलं, इतरांच्या तुलनेत तुम्ही कुठे असाल? सगळ्यांत खालच्या चौथ्या हिश्शातली मुलं प्रत्यक्षात शंभरात खालून साधारण बाराव्या पायरीवर होती. त्यांना वाटत होतं, आपण बासष्टाव्या पायरीवर आहोत.

असं का होतं हे मला निबंध वाचायच्या कितीतरी आधी एका सहावीतल्या मुलाने दाखवलं होतं. सातारा जिल्ह्यातल्या शाळेत मी 31 वर्षं गणित शिकवलं. हा मुलगा फळ्यावर आला आणि एक छेद दोन अधिक एक छेद तीन बरोबर दोन छेद पाच असं झोकात लिहून मोकळा झाला. मी म्हटलं, पडताळून बघ. त्याने मन लावून पडताळलं. वरचे आकडे, एक आणि एक दोन. खालचे, दोन आणि तीन पाच. "बरोबर आहे, बाई." तो आळशी नव्हता आणि मिजासखोर तर मुळीच नव्हता. ज्या चुकीच्या नियमाने त्याने गणित सोडवलं होतं, त्याच नियमाने तो ते तपासत होता, मग चूक सापडणार कशी? ज्या ज्ञानाने गणित बरोबर येतं, त्याच ज्ञानाने ते चुकलं हे कळतं. ते ज्ञान नसेल तर माणूस दोन्हीकडून आंधळा असतो. डनिंग-क्रूगरचं म्हणणं थोडक्यात हेच आहे.

मी त्याला ढ म्हटलं नाही. विचारलं, "तुझ्या ताटात अर्धी भाकरी आहे. मी वर आणखी एक तुकडा वाढला. आता पाचातले दोन भाग, म्हणजे अर्ध्याहून कमी भाकरी उरली. बाकीची कुणी खाल्ली?" तो फळ्याकडे बघत राहिला. मग त्याने स्वतःच ओल्या फडक्याने ते उत्तर पुसलं. खांदे पडलेले, पण डोळे जागे. त्या क्षणी त्याला बरोबर उत्तर येत नव्हतंच, आपल्याला येत नाही एवढं मात्र कळलं होतं. शिकवणाऱ्याला याहून मोठं काही मिळत नाही.

त्या निबंधाचा हा शेवटचा भाग लोक सांगतच नाहीत. शेवटच्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांना तर्काचं थोडंसं प्रशिक्षण दिलं आणि मग त्यांचाच आधीचा पेपर पुन्हा त्यांच्यापुढे ठेवला. ज्यांचे गुण सगळ्यांत कमी होते, त्यांनाही आता आपल्या चुका दिसू लागल्या आणि त्यांनी आपला अंदाज खाली आणला. नुसतं "तू खाली आहेस" म्हणून कुणाचे डोळे उघडले नव्हते, ते शिकवल्यावर उघडले. "मूर्खाला मूर्ख आहे हे पटवायचं कसं" असं तुम्ही विचारलंत. ते तसं पटवता येतच नाही, आणि तसं करायची गरजही नसते. तो जिथे चुकतोय तेवढी एक गोष्ट शिकवता येते.

आता तुम्ही टाकलेल्या आलेखाबद्दल. उंच डोंगर, मग खोल दरी, मग सावकाश चढ, असा तो आलेख 1999 च्या निबंधात नाही. तो नंतर कुणीतरी काढला आणि फिरत राहिला. मूळ आकृतीत खालच्यांचा स्वतःबद्दलचा अंदाज वरच्यांपेक्षा उंच नाही. तळाची मुलं स्वतःला सरासरीच्या जरा वर समजत होती, एवढंच. अव्वल मुलं तर स्वतःला प्रत्यक्षापेक्षा कमी लेखत होती, कारण आपल्याला जे सोपं गेलं ते सगळ्यांनाच सोपं गेलं असणार असं त्यांनी धरलं होतं. शिवाय या फरकातला काही भाग नुसत्या आकडेमोडीतून येतो, अशी टीका संख्याशास्त्राच्या अंगाने झाली आहे. जो तळाशी आहे त्याचा अंदाज चुकला तर तो बहुतेक वरच्याच बाजूला चुकणार. तेव्हा ज्या आलेखावर तुम्ही भावाचं नाव लिहिलंत, तो तुम्ही स्वतः तपासला नव्हता. हे टोचून बोलायचं म्हणून लिहीत नाही. मीही तो आलेख वर्षानुवर्षं खरा मानत होते.

तुमच्या पत्रातलं सगळ्यांत मोलाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलं आहे, छाटणीचं. तुम्ही म्हणालात अर्ली छाटणी कर, आणि तो हसला. मी निफाडची नाही, पण माझं सासर द्राक्षाच्या पट्ट्यातलं आहे. एप्रिलची खरड छाटणी (नव्या काड्यांसाठीची) आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी (फळासाठीची), यांच्यामध्ये घरातली माणसं कशी जगतात ते मी जवळून पाहिलं आहे. गोडी छाटणी पुढे ओढली की कोवळी फूट आणि घड परतीच्या पावसात सापडतात. पोंगा अवस्थेत, म्हणजे डोळे नुकते फुटत असताना, दोन दिवस पाऊस लागून राहिला की डाऊनी हा बुरशीचा रोग येतो, आणि मग फवारणीमागून फवारणी करूनही घड हातचे जातात. जे अर्ली धरतात ते हा जुगार डोळे उघडे ठेवून खेळतात. तुम्ही जानेवारीचा भाव बघितलात, पण सप्टेंबरचं आभाळ तुमच्या हिशेबात नव्हतं. आणि तुमचा हिशेब चुकतोय हे तुम्हाला कळायला काही मार्गच नव्हता, कारण ते कळायला लागतं ते ज्ञान तुमच्या धाकट्याकडे आहे. गोळीच्या बाबतीत तो जिथे उभा आहे, छाटणीच्या बाबतीत तिथेच तुम्ही होतात. फरक एवढाच की तो नुसता हसला, त्याने तुमचं नाव आलेखावर लिहून चारचौघांत लावलं नाही.

अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतो आपण. ते हळकुंड प्रत्येकाच्या हातात असतं, फक्त वेगवेगळ्या विषयातलं. रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खाची लक्षणं सांगितली आणि त्याच दशकाच्या शेवटच्या समासात पढतमूर्खाची वेगळी सांगितली. शिकलेल्या माणसासाठी वेगळा समास लिहावा असं त्यांना वाटलं, यावर मी खूपदा विचार केला आहे. ज्याला एका विषयात कळतं, त्याला आपल्याला सगळ्याच विषयात कळतं असं वाटायला वेळ लागत नाही. तुम्हाला ताळेबंद कळतो, तो उत्तम कळतो. त्याचं बळ घेऊन तुम्ही बागेतही गेलात आणि माणसाच्या वंशाबद्दलही बोललात.

त्या वंशाबद्दलच्या वाक्याकडे मला यायचंच होतं.

'इडिओक्रसी' मी पाहिला आहे. माइक जज यांचा 2006 चा सिनेमा. एक सामान्य माणूस गोठवलेल्या अवस्थेतून थेट 2505 साली जागा होतो आणि जगातला सगळ्यांत हुशार माणूस ठरतो. पिकांना पाण्याऐवजी एका कंपनीचं शक्तिवर्धक पेय घालतात म्हणून शेतं जळून चालली आहेत, आणि कुणाला विचारलं तर जाहिरातीतलंच वाक्य पाठ म्हणून दाखवतात. हा भाग मला फार जिव्हारी लागला. विचारायचं सोडून दिलेल्या समाजाचं असं होऊ शकतं, हे खरं आहे. पण सिनेमाची सुरुवात ज्या गृहीतावर उभी आहे, की हुशार लोक मुलं होऊ देत नाहीत, अडाणी भराभर होऊ देतात आणि म्हणून अक्कल आटते, ते गृहीत मी मान्य करत नाही. आणि तुम्ही नेमकं तेच उचललंत.

अक्कल कमी होतेय का, याचं उत्तर सिनेमात शोधू नका. विसाव्या शतकात बुद्धिमापन चाचण्यांतले गुण देशोदेशी पिढीगणिक वाढत गेले, अमेरिकेत दर दशकाला साधारण 3 गुणांनी. जेम्स फ्लिन या अभ्यासकाने 1980 च्या दशकात हे जगापुढे ठेवलं. पुढे काही देशांत ही वाढ थांबली आणि घसरण दिसली. नॉर्वेत सैन्यभरतीच्या वेळी तरुणांची चाचणी घेतात. 1962 ते 1991 या काळात जन्मलेल्या तरुणांचे निकाल दोन संशोधकांनी 2018 मध्ये मांडले. 1970 च्या दशकाच्या मध्यापर्यंत जन्मलेल्यांचे गुण चढत गेलेले आणि त्यानंतर जन्मलेल्यांचे उतरत गेलेले. मग त्यांनी एक फार सुंदर गोष्ट केली. एकाच आईबापांच्या पोटचे सख्खे भाऊ घेतले आणि त्यांची तुलना केली. तोच चढ आणि तीच घसरण भावाभावांतही सापडली. अडाणी घरांत पोरं जास्त म्हणून गुण घसरले असते, तर एकाच घरातल्या भावांमध्ये हा फरक दिसायचं कारण नव्हतं. म्हणजे कारण रक्तात नाही, ते बदलत्या परिस्थितीत शोधायला हवं. शाळा, वाचन, मुलांचा दिवस कसा जातो, अशा गोष्टींत. त्या बदलता येतात. माझी खरी काळजी तिथे आहे, आणि ती तुमच्या एका मुलाबद्दल जितकी आहे तितकीच त्याच्या तिघांबद्दल.

"अडाण्यांना पोरं जास्त" हे वाक्य नुसतं कटू आहे म्हणून मी चिडलेली नाही. या वाक्यावर कायदे झाले आहेत. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात 1924 च्या कायद्याने मंदबुद्धी ठरवलेल्यांची सक्तीने नसबंदी करता येत होती. कॅरी बक या तरुणीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 1927 मध्ये 8 विरुद्ध 1 मतांनी कायदा उचलून धरला गेला, आणि ऑलिव्हर वेंडेल होम्स या नामांकित न्यायमूर्तींनी लिहिलं की मंदबुद्धींच्या तीन पिढ्या पुरे झाल्या. तिसरी पिढी म्हणजे कॅरीची मुलगी व्हिव्हियन. ती जेमतेम सात महिन्यांची असताना एका समाजसेविकेने तिला बघून साक्ष दिली होती की हिच्या चेहऱ्यावर काहीतरी ठीक दिसत नाही. एवढाच पुरावा. तीच व्हिव्हियन पुढे शाळेत जाऊ लागली आणि 1931 मध्ये गुणवंत मुलांच्या यादीत आली. वर्षभराने, आठव्या वर्षी, आजारपणात ती गेली. त्या यादीतलं तिचं नाव वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसून होते. त्या खटल्यात अज्ञानाचा अतिआत्मविश्वास कुणाचा होता? शाळा अर्धवट सुटलेल्या कॅरीचा नव्हे.

आपल्याकडच्या इरावती कर्वे 1920 च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला ऑयगेन फिशर या जर्मन मानववंशशास्त्रज्ञांच्या हाताखाली संशोधन करत होत्या. युरोपीय माणूस अधिक तर्कबुद्धीचा असतो आणि ते कवटीच्या ठेवणीत दिसतं, असं त्या गुरूंचं म्हणणं. हिंदुस्थानातून गेलेल्या या विद्यार्थिनीने सुमारे दीडशे कवट्या मोजल्या आणि प्रबंधात लिहिलं की असा काही संबंध आढळत नाही. गुरूच्या घरात बसून गुरूचं चुकलं असं लिहायचं, तेही मोजमाप करून. डेक्कन कॉलेजातल्या त्यांच्या पुढच्या कामापेक्षाही मला त्या तरुण मुलीचं हे धैर्य मोठं वाटतं. आपण दुसऱ्याची अक्कल मोजायला बसतो तेव्हा आधी आपली फूटपट्टी तपासावी, हे तिने करून दाखवलं होतं.

आता तुमच्या घरातलं.

माफी ग्रुपवर मागा. अपमान सगळ्यांदेखत केलात, तर खासगी फोनवर "जाऊ दे रे" म्हणून चालणार नाही. तो ग्रुपमध्ये नाही, म्हणून आधी त्याला फोन करून सांगा की तू परत ये, मला सगळ्यांसमोर बोलायचं आहे. माफीत "पण" हा शब्द येऊ देऊ नका. "मी आलेखावर तुझं नाव लिहिलं आणि मुलांवरून बोललो, दोन्ही चूक होतं," एवढं पुरे. गोळीचा विषय त्याच संदेशात काढलात तर सगळं वाया जाईल. आणि मुलांवरचं ते वाक्य त्याच्या बायकोने वाचलं आहे, मोठी पुतणी फोन वापरत असेल तर तिनेही. पंच्याहत्तरीला गावी जाल तेव्हा दोघींशी वेगळं बोला.

गोळीसाठी डॉक्टरांकडे तिघं मिळून जा, तुम्ही, तो आणि बाबा. जायच्या आधी एक करून बघा. येल विद्यापीठात रोझेनब्लिट आणि काइल यांनी 2002 मध्ये लोकांना विचारलं होतं, पँटची चेन कशी चालते हे तुम्हाला किती कळतं? लोक म्हणाले, बरंच कळतं. मग म्हटलं, आता पायरीपायरीने लिहून सांगा. लिहायला बसल्यावर बहुतेकांनी आपला आकडा स्वतःहून खाली आणला. तेव्हा भावाला "तुला काय कळतं" असं विचारू नका. "काढ्याने दाब कसा उतरतो, मला सांग, मी डॉक्टरांना विचारायला लिहून घेतो," असं म्हणा. आणि गोळी दाब कसा उतरवते हे तुम्ही त्याला सांगायचा प्रयत्न करा. मला वाटतं, दोघंही तिसऱ्या वाक्याला अडाल. जिथे अडाल, तेच प्रश्न डॉक्टरांपुढे ठेवायचे आहेत.

त्याच्या मनातली खरी शंका काय आहे तेही त्याला विचारा. गोळीने बाबांना चक्कर येते का, पाय सुजतात का, महिन्याचा खर्च जड जातो का? बाबा त्याच्या घरात असतात, रात्री उठून त्यांना पाणी तो देतो. त्याने असं काही पाहिलं असेल जे तुम्हाला नाशिकमध्ये बसून दिसलेलं नाही. डॉक्टरांना ते कळलं तर ते गोळी बदलूही शकतात.

तोवर एक वही घाला. घरी दाब मोजायचं यंत्र नसेल तर तुम्ही घेऊन द्या. सकाळी आणि संध्याकाळी, पाच मिनिटं शांत बसवून, त्याच हातावर मोजायचं आणि तारीख-वेळ घालून लिहायचं, सात दिवस. मोजायचं काम भावाला द्या. बागेत रोज पानं उलटी करून डाऊनी तपासणारा माणूस आहे तो, नोंद चोख ठेवील. वाढलेला आकडा त्याला तुमच्या तोंडून ऐकायला नको, त्याच्याच हाताने लिहिलेला त्याला दिसू दे.

गोडी छाटणीचे दिवस आहेत, दिवसभर तो मजुरांबरोबर बागेत असेल. फोन संध्याकाळी सातनंतर करा, आणि पहिल्यांदा छाटणी कुठवर आली ते विचारा.